कटती

विदगावच्या पुलावर एसटी दहा मिनिटं अडकली.
खाली तापी, निम्मी वाळू.
कंडक्टरने अर्धं तिकीट दिलं होतं, बाईमाणसाचं अर्धं,
आणि प्रवास मात्र पुरा, चोपडा ते जळगाव.
मांडीवर फाइल. फाइलमध्ये ब्याण्णव क्रेडिट.

पात्रता विभागात पंखा होता, वारा नव्हता.
बाविस्कर मॅडम एकेक विषय पेन्सिलीने टिपत गेल्या.
सांख्यिकी, घेतलं.
वनस्पतिशास्त्र एक, दोन, घेतलं.
सत्तरावर पेन्सिल थांबली.
"बाहेरच्या कॉलेजचे एवढेच बसतात गं."
मी म्हटलं, पण मी सगळ्यात पास आहे.
"आहेसच की. नापास कोण म्हणतंय?"
उरलेल्या बाविसांवर त्यांनी रेघ मारली,
पेनाने नाही, पेन्सिलीनेच,
जणू उद्या कुणी खोडरबर घेऊन येणार होतं.

त्या बाविसांत माती परीक्षण होतं,
डिसेंबरातल्या सकाळी, एक तराजू आणि एकोणीस पोरं.
त्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या अकरा विहिरी होत्या,
दोरीला दगड बांधून मी मोजलेल्या,
प्रत्येक हाताला एक गाठ.
त्या विहिरी आता कुणाच्या खात्यावर?
मॅडमना विचारलं नाही. मागे रांग होती.

प्राचार्य म्हणायचे, घेऊन ठेव,
क्रेडिट म्हणजे बँकेतला पैसा.
मी घेत गेले. शनिवारचे घेतले, सुट्टीतले घेतले.
काढायला गेल्यावर मर्यादा लागते, हे तेव्हा कोण सांगणार.
एटीएमची तरी रात्री बारानंतर उठते.

तन्वीर तडवी पहिल्या वर्षानंतरच निघून गेला होता
चाळीस क्रेडिट घेऊन.
मीच त्याला म्हटलं होतं, घाई करतोयस,
अर्धवट माल कोण घेतं?
त्याचे चाळीसच्या चाळीस घेतले.
एकाच जूनमध्ये आम्ही सुरुवात केली,
तो उन्हाळ्यात सुटेल, मी दिवाळीनंतर.
फोनवर तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

रात्री अण्णा काट्यावरून आले,
शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग.
तीस वर्षं ते दुसऱ्यांचा माल तोलतात.
कळण्याची भाकरी मोडता मोडता विचारलं,
"काय व सुरेखा, बठ्ठं लिधं का तठे?"
म्हटलं, ब्याण्णव भरलं, सत्तर धरलं.
"मंग बावीस कटती?"
हो.
त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला,
ओठ हलले, घास तसाच हातात.
"शंभरले चोवीस!
इतली तर सावदाना व्यापारी बी लेत नही."
आई हसली. मग मीही हसले,
मग पाणी प्यायला उठले.

कटती दांड्याची असते, एवढं मलाही कळतं.
दांडा कोणी खात नाही, म्हणून तो वजा.
गादीवर पडून मी बाविसांत दांडा शोधत राहिले.
एक-दोन विषय खरंच दांडा होते,
खोटं कशाला बोलू.
पण विहिरी नव्हत्या.

आता जुलै आहे. नवा वर्ग, मागून तिसरा बाक.
वेळापत्रकात तेच माती परीक्षण, तेच पाणी,
फक्त कोड नंबर वेगळा.
सर विचारतात, विहिरीची पातळी कशी मोजाल?
पुढचा मुलगा पुस्तकातलं काहीतरी सांगतो.
मी हात वर करत नाही.
बाकाखाली बोटं आपोआप दोरी सोडत जातात,
एक गाठ, दोन गाठी, सात, अकरा,
आणि मी कान देऊन बसते,
दगड अजून पाण्याला लागलेला नाही.